कोरा वर्ग

“शैलजा, ही फाइल हातानं लिहिलीस की प्रेसमधनं छापून आणलीस गं?”

ठोमरे बाईंनी माझी फाइल सगळ्या वर्गाला दिसेल अशी उंच धरली होती. चाळीस सराव पाठ, चाळीस टाचणं. मथळे लाल शाईत, प्रश्न निळ्या, अपेक्षित उत्तरं हिरव्या. समासाची रेघ पट्टीनं मारलेली. वापरलेल्या तक्त्यांच्या छोट्या नकला घडी घालून शेवटी चिकटवलेल्या. मी मान खाली घालून लाजल्यासारखं केलं. आतून मात्र नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

मग बाईंनी खालची फाइल उचलली. पुठ्ठ्यावर तेलाचा हा एवढा डाग. अंजना वाघमोडेची. मी मनात म्हटलं, आता बघा कशी हजेरी घेतात ते.

“आणि हे ऐका,” बाई वाचायला लागल्या. “पाठ सतरावा, हातच्याची वजाबाकी. खाली काय लिहिलंय? ‘शेवंताला कळलं नाही. विचारलं तर रडली. उद्या चिंचोके नेणे.’ पाठ अठरावा. ‘चिंचोके नेले. शेवंता त्यातले नऊ खिशात घालून घरी गेली. म्हणजे वजाबाकी झाली म्हणायची.’”

सगळा वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, “मुलींनो, फाइल लिहावी शैलजानं आणि शिकवावं अंजनानं.”

झालं! त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला ऐकूच आला नाही. दुसरा अर्धा अजून ऐकू येतो. तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, तरी येतो.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. तालुक्याच्या गावी मुलींचं डी.एड. कॉलेज होतं, तिथं आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. पांढरी साडी, हिरवे काठ, हा गणवेश. शेजारच्या प्राथमिक शाळेत आम्ही सराव पाठ घ्यायचो, आणि तिथली पोरं आम्हा साठच्या साठ जणींना एकच नाव लावायची: पाठाच्या बाई. प्रत्येकीला एक जोडीदारीण ठरवून दिलेली असायची. एकीनं पाठ घ्यायचा, दुसरीनं मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायचं, आणि ते निरीक्षण पाठ घेणारीच्या फाइलला लागायचं. माझी जोडी अंजनाशी. होस्टेलची खोलीही एकच. म्हणजे दोन वर्षं मी तिचा पाठ बघत होते आणि तो किती चांगला झाला हे माझ्याच सुंदर अक्षरात लिहून देत होते. यापरीस दुसरी शिक्षा नको!

वर तिच्या फाइलचे मथळेही मीच काढून द्यायची. “शैला, तुझ्यासारखा ‘प्रस्तावना’मधला ‘प्र’ मला जन्मात जमायचा नाही बघ,” असं म्हणत ती फाइल माझ्या मांडीवर ठेवायची. मी काढून द्यायची. नाही म्हणायला कारण तरी काय होतं? ती वाईट असती तर किती बरं झालं असतं! पण ती बया चांगली होती. आजारी पडले तेव्हा माझ्या साड्या तिनं धुतल्या होत्या. मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी, घरात पुस्तक म्हणून नाही, अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. आणि वर्गात उभी राहिली की चाळीस पोरं तिच्या तोंडाकडं बघत राहायची. मी हेडमास्तरांची मुलगी. माझ्या वर्गात पोरं खिडकीबाहेर बघायची.

अप्पा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर फराळाचा डबा घेऊन आले होते. हेडमास्तर म्हटल्यावर ठोमरे बाईंनी त्यांना मानानं मागच्या बाकावर बसवलं. त्या दिवशी आधी माझा पाठ होता आणि नंतर अंजनाचा. एस.टी. स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, “अप्पा, माझा पाठ कसा झाला?”

“फळ्यावर अक्षर छान येतंय तुझं.”

“आणि शिकवलेलं?”

अप्पांनी टोपी काढून झटकली. “शैला, ती दुसरी पोरगी उपजत मास्तरीण आहे. पस्तीस वर्षांत अशी दुसरी बघितली नाही मी. तिच्याजवळ बसत जा जरा.”

“तिच्याजवळच बसते, अप्पा. जोडीदारीण आहे माझी.”

“मग नशीबवान आहेस.”

अप्पांनी मला जन्मात कधी ‘छान शिकवतेस’ म्हटलं नव्हतं, आणि हिला पस्तीस मिनिटांत पस्तीस वर्षांचं सर्टिफिकेट! गाडी गेल्यावर मी स्टँडच्या नळावर तोंड धुतलं. डोळ्यात धूळ गेली म्हणून नव्हे.

त्यात आणखी एक गोष्ट होती. संस्थेच्या शाळेत त्या वर्षी एक कायमची जागा सुटणार होती. संस्थेची रीत अशी, की वार्षिक परीक्षेत फाइल आणि अंतिम पाठ मिळून जी पहिली येईल, तिला ती जागा. फाइलमध्ये माझ्यापुढं कोणी जाणार नव्हतं. पाठात अंजनापुढं कोणी जाणार नव्हतं. बाकीच्या अठ्ठावन्न जणी नुसत्या बघायला होत्या.

अंतिम पाठाचे घटक चिठ्ठ्या टाकून मिळायचे. मला दुसरीची कविता आली. अंजनाला तिसरीचं गणित, अपूर्णांकांची ओळख. परीक्षेच्या पाठाचे घटक शाळेतले शिक्षक महिनाभर शिकवायचेच नाहीत, आमच्यासाठी राखून ठेवायचे. त्याला आम्ही वर्ग ‘कोरा’ ठेवणं म्हणायचो. त्याचं कारण होतं. पाठाची सुरुवात कशी करायची हे ठरलेलं असायचं. आधी मुलांना येतील असे तीन-चार प्रश्न विचारायचे, आणि शेवटी एक असा विचारायचा, की तो मुलांना येता कामा नये. टाचणात त्याच्यासमोर ‘अपेक्षित उत्तर’ या रकान्यात लिहायचंच मुळी: ‘मुले सांगू शकणार नाहीत.’ मुलं गप्प झाली की आपण म्हणायचं, “तर आज आपण हेच शिकणार आहोत.” तिथून पुढं गाडी रुळावर. ते एक उत्तर जर पोरांनी दिलं, तर पाठ तिथंच आडवा! आमच्यात त्याची एवढी धास्ती असायची की काही जणी आदल्या दिवशी देवाला नारळ बोलायच्या, पोरांना काही येऊ देऊ नको म्हणून.

माझा पाठ सोमवारी सकाळी झाला. जिल्ह्याहून आलेले परीक्षक शेटे सर पिकल्या केसांचे, करड्या नजरेचे. कविता झाली, प्रश्न झाले, घंटा झाली. त्यांनी माझी फाइल चाळली आणि म्हणाले, “टाचण फार सुंदर.” मी थांबले. ते पुढं काही बोललेच नाहीत.

दुपारी मी शाळेच्या व्हरांड्यातून चालले होते. अंजना होस्टेलवर पुठ्ठ्याची वर्तुळं कापत बसली होती. तिसरीच्या वर्गात नुसता गोंधळ. वर्गाच्या गुरव बाई मुलीला ताप आला म्हणून घरी गेल्या होत्या. शिपाई मला म्हणाला, “ओ पाठाच्या बाई, अर्धा तास बसा की जरा. पोरं कौलं काढायला लागलीत.”

मी आत गेले. खोटं कशाला बोलू, उंबरा ओलांडेपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. आत गेल्यावर चाळीस तोंडं माझ्याकडं वळली आणि मला आठवलं की हा अंजनाचा वर्ग. उद्याचा. कोरा.

माझी आत्या म्हणायची, नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. मी दार लोटून घेतलं.

“भाकरी कोणाकडं आहे रे?”

खाऊच्या सुट्टीला अवकाश होता, पोरांची फडकी दप्तरात होती. कोपऱ्यातल्या एका पोरीनं न बोलता भाकरी पुढं केली. मी ती मधोमध मोडली. मग परत मोडली. चार तुकडे. एक उचलून विचारलं, “हा केवढा?”

“पाव!”

“मग पाव लिहायचा कसा? एक लिहू? एक म्हणजे तर अख्खी भाकरी. मग लिहू काय?”

हातात टाचण नव्हतं. तक्ता नव्हता. मागच्या बाकावर कोणी निरीक्षण लिहीत नव्हतं. मला फक्त घाई होती, अर्ध्या तासात या पोरांच्या डोक्यात सगळं कोंबायची. त्या घाईत मी घाबरायची विसरले. पोरं पुढं सरकत सरकत माझ्या पायांशी आली. कोणी भांडलं, कोणी तुकडा तोंडात टाकला, म्हणून परत मोजावं लागलं. आणि ती कोपऱ्यातली पोरगी एकाएकी म्हणाली, “बाई, खालचा आकडा म्हंजी किती वाटं केलं ते. आन् वरचा म्हंजी आपल्याला किती गावलं ते.”

“अगदी बरोबर! नाव काय तुझं?”

“शेवंता.”

अंजनाच्या फाइलमधली शेवंता ती हीच; मागच्या बाकावरून मला तिची नुसती पाठच दिसायची. मला काही झालं नाही ते ऐकून. एवढंच म्हटलं, “उद्या बाई विचारतील हं. सगळ्यांनी मोठ्यांदा सांगायचं. बाईंना लई आनंद होईल.”

मंगळवारी अकराला अंजनाचा पाठ लागला. शेटे सर खिडकीजवळ खुर्चीवर, मांडीवर तिची फाइल. ठोमरे बाई दाराशी. मी मागच्या बाकावर, निरीक्षणाचा कागद पुढ्यात. भीती होतीच, पण खोटं सांगत नाही, त्यात गोडीही होती.

अंजना आली, हसली. “काय रं, जेवलासा का?” पोरं खूश. तिनं पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. भाकरीचाच विचारला, तिच्या डोक्यातही भाकरीच होती. “चौघांत एक भाकरी वाटली तर एकेकाला किती?”

“पाव!”

“शाब्बास. मग हा पाव अंकात कसा लिहाल?”

हाच तो, पोरांना न यायचा प्रश्न. तिनं विचारला आणि सवयीनं खडू घ्यायला वळली सुद्धा, कारण आता पोरं गप्प बसणार होती.

“वर एक, खाली च्यार, मधी आडवी रेघ!” चाळीसच्या चाळीस ओरडली. “अपूर्णांक! अपूर्णांक!”

अंजनाचा हात फळ्याशीच थांबला. शेटे सरांनी मान वर केली.

“आणि... आणि अर्धा?” ती म्हणाली.

“वर एक, खाली दोन!”

“पाऊण?”

“वर तीन, खाली च्यार!”

चार मिनिटांत तिचं पस्तीस मिनिटांचं टाचण संपलं. तिनं रात्रंदिवस कापलेली वर्तुळं टेबलावर तशीच पडून होती. मग शेवंता उठली. कोणी विचारलं नव्हतं. उठली आणि खालच्या आकड्याचं आणि वरच्या आकड्याचं कालचं तिचं ते वाक्य घडाघडा म्हणून मोकळी झाली.

आता अंजनानं काय करावं? मी असते तर रडले असते. ती पाठ विसरली, परीक्षक विसरली, बाकांमधून तडक शेवंतापाशी गेली आणि तिच्यापुढं उकिडवी बसली. “पुन्हा सांग गं बाय. पुन्हा एकदा सांग.” शेवंतानं सांगितलं. अंजनाचा चेहरा असा फुलला, की ज्याचं नाव ते! माझा तिळपापड झाला. हिचा पाठ बुडाला, तरी ही मेली खूशच!

शेटे सर उठले. फाइल मिटली. “हे कधी शिकलात रे?”

“काल!”

“कोणी शिकवलं?”

“पाठाच्या बाईंनी!”

सर अंजनाकडं वळले. “वाघमोडे, वर्ग आधी पढवून घ्यायचा आणि मग परीक्षकापुढं उभा करायचा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

मी फक्त तिचा पाठ आडवा पाडायला गेले होते. हे असं होईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पोरांनी चुका केल्या असत्या तर पाठ नैसर्गिक ठरला असता. पोरांना सगळं आलं म्हणजे लबाडी, हा आमच्या धंद्यातला न्याय. आणि पढवणं म्हणजे कॉपी करण्यासारखंच. पाठ रद्द.

“मी नाही शिकवलं, सर,” अंजना म्हणाली.

“मग कोणी?”

शेवंतानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. हसली. अंजनानं तिच्या नजरेमागं नजर नेली आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली. तिला कळलं. मला कळलं की तिला कळलं.

“तुम्ही यांच्या जोडीदार ना?” सरांनी मला विचारलं. “काल दुपारी या कुठे होत्या?”

होस्टेलवर होती. पुठ्ठे कापत होती. मी स्वतः तिला कात्री देऊन आले होते.

“मला माहीत नाही, सर.”

अंजनानं टेबलावरची वर्तुळं गोळा केली, एकाखाली एक नीट लावली आणि वर्गाबाहेर गेली.

संध्याकाळी होस्टेलच्या गच्चीवर ती वाळत घातलेल्या साड्या काढत होती. माझीही काढून घडी करत होती. मला वाटलं होतं झिंज्या उपटेल, शिव्या देईल. मी तयारीनंच वर गेले होते.

“का नाही सांगितलंस त्यांना?” मीच म्हटलं.

“सांगून? तुझीही परीक्षा गेली असती. आणि माझ्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? तू हेडमास्तरांची मुलगी.” तिनं साडीचं एक टोक माझ्याकडं फेकलं. “धर.”

आम्ही दोघींनी साडी ताणली, झटकली.

“का केलंस गं?” ती म्हणाली.

“मला बघवत नाही तुझं,” मी म्हटलं. एकदा तोंड उघडलं तर सगळंच बाहेर आलं. “दोन वर्षं बघवत नाही. बाई तुझं नाव काढतात, पोरं तुझ्यामागं पळतात, आणि माझे अप्पा... माझे स्वतःचे अप्पा तुझं कौतुक करतात. जळते मी. झालं समाधान?”

तिनं साडीची घडी पुरी केली. मग म्हणाली, “शैला, त्या शेवंतासाठी मी दोन वर्षं डोकं फोडतेय. ती माझ्यापुढं एक सबंध वाक्य कधी बोलली नाही. तू अर्ध्या तासात बोलती केलीस. काल काय केलंस तू?”

“भाकरी मोडली नुसती.”

“मलाही भाकरीच सुचली होती. पण मी पुठ्ठ्याची केली.” ती हसली, आणि लगेच तिच्या डोळ्यात पाणी आलं. “आज ती तुझं वाक्य बोलली ना, माझं नाही, तेव्हा मला तुझा असा हेवा वाटला म्हणून सांगू! म्हटलं, ही एवढं छान शिकवते आणि हिलाच पत्ता नाही.”

दोन वर्षं मी कोणीतरी हे म्हणावं म्हणून जीव टाकत होते. आणि म्हटलं कोणी, तर हिनं! तेही असं मोठ्या मनानं, घडी घातलेली साडी हातात देता देता. अंगावर शेण टाकलं असतं तर मला कमी लागलं असतं.

“एक कर,” ती म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. “मला तुझी दया नको. पण पढवलं हा शिक्का घेऊन मी घरी जाणार नाही. आमच्या वस्तीतली पहिली शिकलेली पोरगी आहे मी, शैला. सगळी वस्ती वाट बघतेय. उद्या सकाळी आठला शिपाई गुणपत्रक घेऊन जिल्ह्याला निघतो. त्याच्या आत बाईंना तू स्वतः सांग. बाई तुझा पाठ रद्द करणार नाहीत, मी हातापाया पडेन त्यांच्या. जागा तू घे. मला फक्त तो शिक्का नको.”

“सांगते,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

आणि मी खरंच सांगणार होते. देवाशपथ. सकाळी साडेसातला मी अंघोळ करून, केस विंचरून ऑफिसकडं निघाले. वाक्य पाठ केलं होतं: बाई, सोमवारी दुपारी तिसरीवर मी होते. सहा शब्द. टाचण लिहावं तसं लिहून काढलं होतं मी ते.

ऑफिसच्या व्हरांड्यात ठोमरे बाई उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर हातात टोपी घेऊन अप्पा. वर्ष संपलं म्हणून ते पहिल्या गाडीनं मला न्यायला आले होते. आत शिपाई लिफाफ्याला लाख लावत होता, तिचा वास बाहेर येत होता.

“या, पहिल्या नंबरच्या मास्तरीणबाई!” अप्पा म्हणाले. अशी हाक त्यांनी मला कधी मारली नव्हती. “बाईंनी आत्ता सांगितलं. संस्थेची जागा तुला. मी यांना म्हटलं, बाई, परत एकदा कागद बघून घ्या, माझा कानांवर विश्वास नाही.”

ते हसत होते. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्या पाया पडले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलेला हात लवकर काढलाच नाही.

“काय गं, काही सांगायला आली होतीस का?” ठोमरे बाईंनी विचारलं.

“बाई, सोमवारी...” मी सुरुवात केली.

“आणि ती कुठाय गं, तुझी जोडीदारीण?” अप्पा मध्येच म्हणाले. “तिचा नंबर कितवा? मला वाटलं होतं, खरं सांगू का, मला वाटलं होतं तीच पहिली येणार.”

अजूनही! मी पहिली आले, संस्थेची जागा मिळाली, आणि माझ्या डोक्यावर हात असतानाही अप्पांच्या तोंडात तिचंच नाव. बाईंनी नजर खाली घातली. भल्या बाई होत्या, परक्यापुढं मुलीची अब्रू काढणार नव्हत्या. कोणीच काही बोललं नसतं तर तो विषय तिथंच संपला असता.

“तिचा पाठ रद्द झाला, अप्पा,” मी म्हटलं. “तिनं पोरं आधी पढवून ठेवली होती.”

अप्पांचा हात माझ्या डोक्यावरून खाली आला.

“मग त्या दिवशीचं पण तसंच असणार,” ते म्हणाले. “मी भुललो. शैला, तुला उगीच बोललो मी. मनात ठेवू नकोस पोरी.”

“नाही ठेवत, अप्पा.”

मागं काहीतरी जमिनीला टेकल्याचा आवाज आला. अंजना होती. माझी ट्रंक जिन्यावरून एकटीनं उतरवून घेऊन आली होती, मला जड होईल म्हणून. ती केव्हापासून उभी होती, मला माहीत नाही. तिनं कपाळावरचा घाम पुसला, डोक्यावर पदर घेतला आणि पुढं होऊन अप्पांच्या पायांशी वाकली.

अप्पांनी पाय मागं घेतले.

माझे अप्पा कधी कोणाला नाही म्हणाले नव्हते. त्यांच्या शाळेत शिकून चोरी केलेला माणूस तुरुंगातून सुटल्यावर पाया पडला, तर त्याच्याही पाठीवर त्यांनी हात ठेवला होता. पण मास्तरकीत लबाडी त्यांना खपायची नाही. अंजनाचे हात जमिनीवर तसेच राहिले. मग ती उठली, हाताची माती झटकली, आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. नवीन पोर वर्गात आलं की ती जशी त्याच्याकडं नीट बघायची, हे किती शिकलेलं आहे म्हणून, तशी बघत होती.

“एस.टी. चुकेल तुमची, शैलजाताई,” ती म्हणाली. दोन वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच ताई म्हटलं.

ऑफिसातल्या घड्याळात आठ वाजायला अजून दहा मिनिटं होती. मी ट्रंकेची एक कडी धरली, अप्पांनी दुसरी धरली, आणि आम्ही स्टँडकडं निघालो.